रिकाम्या हातांचं गाणं

ख्रिस्तप्रसादाचं गाणं लोक चालता चालता गातात. हातात पुस्तक नसतं, नसावंच, कारण ज्या हातांत प्रसाद घ्यायचा ते मोकळे हवेत. म्हणून कडवी एकट्या गाणाऱ्याची आणि ध्रुपद सगळ्यांचं. ध्रुपदही असं हवं की एकदा कानावर पडलं की ओठांवर बसावं. किती कडवी म्हणायची हे कागदावर ठरत नाही, ते रांग ठरवते. शेवटची म्हातारी काठी टेकत आपल्या बाकावर परतली की गाणं मिटवायचं, आधी नाही आणि फार नंतरही नाही.

लुसिना दूसेला हे मॉंक्टनच्या संगीत विद्यालयात कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या आन्स-रूजच्या देवळातल्या, गाणाऱ्या कॉयरच्या माळ्यावर, ती परकर सावरत जिना चढायच्या वयात, तिला हे आल्फेकाकांनी शिकवलं.

आमच्या किनाऱ्यावर निम्मी घरं गोदे आणि निम्मी दूसे, त्यामुळे आडनावाचा कुणाला उपयोग नाही. माणूस बापाच्या नावानं ओळखला जातो. आल्फेकाका म्हणजे मेदारचा आल्फे. शेवंडीचे पिंजरे टाकण्यात जन्म गेला, म्हातारपणी होडी मुलाच्या हवाली केली, पण रविवारचा माळा कधी सोडला नाही. मी लग्न होऊन या गावात आले त्या पहिल्याच रविवारी त्यांचा आवाज ऐकला. जाडा, खालचा, कडांना जरा खरखरीत. देखणा नव्हता तो, पण प्रसादाच्या रांगेत उभं असताना पाठीवर कुणीतरी हात ठेवून पुढे नेतंय असं वाटायचं. माझी सकाळची जपमाळ कधी कोरडी झाली तर मी तो आवाज आठवत असे.

लुसिना शिकून परत आली, शाळेत संगीत शिकवू लागली, आणि ऑर्गन तिच्याकडे आला. मी आल्तोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात गाते, आणि ऑर्गनजवळ उभी राहून तिची पानं उलटते. तेवढ्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. जे डोळ्यांदेखत घडलं नाही ते तिनं मला नंतर सांगितलं.

त्या हिवाळ्यात फादर युलीसनी मिस्सेनंतर जाहीर केलं, की पंधरा ऑगस्टच्या, पवित्र मातेच्या स्वर्गारोहणाच्या सणाची मिस्सा यंदा रेडिओवाले आपल्या देवळातून घेणार आहेत, आणि प्रसादाचं गाणं आपली लुसिना नवीन करणार आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जास्त आल्फेकाकांनी. जिना उतरताना ते ज्याला त्याला सांगत होते, पोरीला सा लावायला मी शिकवला, तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडलेले होते.

उपवासकाळात तिनं गाणं लिहिलं. मी पहिल्यांदा ऐकलं ते तिच्या स्वयंपाकघराशेजारच्या पियानोवर. मी बटाटे सोलत होते आणि ती हळू आवाजात गात होती:

रिकाम्या हातांनी आलो आम्ही,
जाळी सारी किनारी ठेवून,
प्रभो, तू भाकर होऊन ये.

पांढरी दोनमध्ये, खालच्या पट्टीत होतं ते. कडवी तर अशी खाली उतरत होती की ऐकतानाच काकांचा आवाज त्यात दिसावा. मी म्हटलं, हे तर त्यांच्या मापाचं शिवलंयस. ती हसली. म्हणाली, "त्यांच्याशिवाय आणखी कोण गाणार आहे?"

त्यानंतर रेडिओवाल्यांचा फोन आला. त्यांना एका रविवारची ध्वनिफीत पाठवली होती. फोनवरच्या बाई फार गोड बोलत होत्या म्हणे. म्हातारबुवांच्या आवाजात गावाची चव आहे, पण मायक्रोफोनपुढे तो जड वाटेल. कडव्यांना एखादा कोवळा, स्वच्छ आवाज मिळाला तर गाणं आपल्या गावाबाहेरही गायलं जाईल. गावाबाहेर, हा शब्द लुसिनाच्या मनात राहिला. तो राहावा असं तिच्यात काहीतरी होतंच, असं ती स्वतः म्हणते.

काकांना तोंडावर सांगायचं धैर्य तिला झालं नाही. तिचे वडील समुद्रात बुडून गेले तेव्हा त्यांच्या अंत्यविधीच्या मिस्सेत बाकी सगळ्या कॉयरचे गळे दाटले होते. एकटे काका शेवटपर्यंत गायले, आणि गाताना त्यांनी या पोरीचा हात धरून ठेवला होता. अशा माणसाला तुमचा आवाज नको, असं कसं म्हणायचं? तिनं दुसरी वाट काढली. गाणं पांढरी दोनमधून उचलून पांढरी चारमध्ये नेलं, आणि कडव्याच्या शेवटी एक सूर असा वर ठेवला की तिथं पोचताना म्हातारा गळा हमखास फाटावा. पाहणाऱ्याला वाटावं, गाणंच तसं आहे.

ईस्टरनंतरच्या पहिल्या तालमीला कागद वाटले गेले. मी माझा कागद पाहिला आणि लुसिनाकडे पाहिलं. ती ऑर्गनच्या खुंट्या ओढण्यात गुंतली होती. मी काही विचारलं नाही. पट्टी चढवायला काही कारण असेल, असं मनाशी म्हणून टाकलं. मनाशी असं म्हणणं फार सोपं असतं.

काका पहिल्या दिवशी त्या सुराशी आले आणि आवाज चिरकला. तेच आधी हसले. म्हणाले, घशात हेरिंगचा काटा अडकलाय. एदनानं त्यांना पेपरमिंट दिली. एदना गावचं पोस्ट सांभाळते, आणि गावातल्या कुणाच्या घशात काय अडकलंय हे तिला पत्ता वाचावा तसं वाचता येतं. पण त्या दिवशी तीही गप्प राहिली.

पुढच्या तालमींना काका मध घातलेला चहा थर्मासमध्ये घेऊन येऊ लागले. वाटेवर त्यांची होडीची खोप लागते. मी पावाचं पीठ आणायला जाताना ऐकायची, आत पिंजऱ्यांच्या ढिगात उभे राहून ते एकटेच तो सूर धरायला बघत असायचे. धरायचे, सुटायचा. पुन्हा धरायचे. मी पावलं न वाजवता पुढे जायची.

पेन्टेकॉस्टच्या सणाच्या रविवारी गाणं पहिल्यांदा मिस्सेत झालं. तिसऱ्या कडव्याला त्यांचा आवाज असा फाटला की खाली रांगेतली एक लहान मुलगी खुदकन हसली, आणि तिच्या आईनं तिला चिमटा काढला तोही वर ऐकू आला. ध्रुपद लोकांनी सावरून घेतलं. मिस्सा संपल्यावर काकांनी आपली गाण्यांची जाडी फाईल ऑर्गनवर ठेवली.

"झालं माझं," ते म्हणाले. "राशेलला दे. तिचा आवाज नवीन रंगवलेल्या होडीसारखा आहे. माझ्या होडीत आता पाणी शिरतंय."

राशेल म्हणजे आमच्या कॉयरमधली सगळ्यांत तरुण पोर. लुसिनानं काकांना अडवलं. दोनदा अडवलं, आणि दोन्ही वेळा आवाज असा ठेवला की तो माणूस थांबू नये. हेही तिनंच मला सांगितलं. मला त्या वेळी ते मायेचं वाटलं होतं.

निरोपाला आम्ही केक केला. वर साखरेची शेवंड काढली होती. लुसिनानं भाषण केलं, काकांना लोकरीची शाल पांघरली, सगळ्यांचे डोळे ओले झाले. काकांनी केकचा एक तुकडा कागदात गुंडाळून घेतला. म्हणाले, यावोनला आवडायचा, तिच्या खुर्चीपुढे ठेवीन. यावोन त्यांची बायको. तिला जाऊन फार दिवस झाले नव्हते.

इथंच थांबलं असतं तर कदाचित लुसिनानं ते पचवलं असतं. माणूस पुष्कळ काही पचवतो. पण फादर युलीसना वाटलं, इतकी वर्षं सेवा केलेला माणूस एकदम रिकामा बसायला नको. आमच्याकडे प्रसादाच्या वेळी कॉयर खाली उतरत नाही. जिना अरुंद आहे, आणि आमच्या बायकांचे बूट त्यावर पिंपं गडगडल्यासारखे वाजतात. म्हणून कुणीतरी सोनेरी डबीत प्रसाद घेऊन वर येतं, गाणारे एकेक करून घेतात, आणि ऑर्गनवाली सगळ्यांत शेवटी, गाणं मिटल्यावर. ते काम फादरनी आल्फेकाकांना दिलं. जिना अंधारात चढायची सवय तुम्हालाच आहे, म्हणाले.

पहिल्या रविवारी काका वर आले, इस्त्रीचा शर्ट, केस पाण्यानं बसवलेले. आम्हाला दिलं. राशेलला दिलं. मग ऑर्गनजवळ येऊन लुसिनाचं गाणं संपायची वाट बघत उभे राहिले. खाली रांग संपली होती. ती ध्रुपदाच्या शेवटाशी आली, आणि मी पान मिटायला हात पुढे केला, तर तिनं मान हलवून पुन्हा सुरुवात केली. आणखी एक ध्रुपद. आणखी एक. काका डबी छातीशी धरून उभे. शेवटी खालून फादरनी वर पाहिलं, कारण भांडी पुसून ठेवायची असतात, आणि काका हलकेच जिना उतरून गेले. मग तिनं गाणं मिटवलं.

वाजवता वाजवता तोंडात प्रसाद घेणं आमच्याकडे बरं मानत नाहीत. देवाला असं घाईत घेत नाहीत. त्यामुळे तिचे हात पट्ट्यांवर असेपर्यंत तिला कुणी काही देऊ शकत नव्हतं. तेच तिनं धरून ठेवलं. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही. गाणं रांगेपेक्षा लांबत चाललं. गावानं त्याचा अर्थ भलताच लावला. लुसिना गाणं वाजवताना प्रार्थनेत बुडून जाते, तिला भान राहत नाही, असं लोक एकमेकांना सांगू लागले. शेजारच्या गावांतली माणसं मुद्दाम आमच्या मिस्सेला येऊ लागली. बाहेर पायऱ्यांवर एक बाई तिचा हात हातात घेऊन म्हणाली, तुमच्यासारखी भक्ती आम्हाला कुठून यायची. लुसिनानं हात सोडवून घेतला.

एदना तेवढी म्हणाली, "तुझी भक्ती आवर गं बाई. तुझं गाणं संपेपर्यंत घरी माझी कोंबडीची फ्रिको तळाला लागते. नवरा म्हणतो, देवळात एवढा वेळ काय करता, मासे मोजता का?"

या सगळ्या दिवसांत तिनं प्रसाद घेतलेला नव्हता. ज्या गाण्यावर अख्खं गाव हात पसरून पुढे जात होतं, त्या गाण्याची बाई उपाशी राहत होती. ती पापनिवेदनालाही जाऊन आली. जाळीपलीकडे तिनं एवढंच सांगितलं, की एका म्हाताऱ्या माणसाशी मी नीट वागले नाही. फादरनी विचारलं, त्याला सांगितलंस? ती नाही म्हणाली. फादरनी क्षमा दिली, म्हणायला प्रार्थना दिल्या. आणि ती उठता उठता म्हणाले, "देवाला हे आधीच माहीत होतं, लुसिना. ज्याला माहीत नाही, तो खाली बाकावर बसतो."

प्रार्थना तिनं सगळ्या म्हटल्या, पण बाकापर्यंत गेली नाही. सण होऊन जाऊ दे, मग सांगते, असं ठरवलं. मला तिनं यातलं सगळं जुलैत सांगितलं, आमच्या अंगणात कपडे वाळत घालताना. म्हणाली, मी त्यांचा केसानं गळा कापला. मी विचारलं, मग आता? ती चिमटे लावत राहिली. मीही लावत राहिले. पांढरी दोनमधलं गाणं मी ऐकलं होतं, हे तिला माहीत होतं आणि मलाही. दोघींनी त्यावर चादर टाकली म्हणायची.

त्यानंतरची तालीम संपल्यावर काका माळ्यावर आले. सगळे गेले होते. मी बाकांवरचे कागद गोळा करत होते आणि लुसिना ऑर्गनचं झाकण लावत होती. काका टोपी हातात फिरवत उभे राहिले.

"लुसिना, एक विचारू? पण खरं सांगायचं. म्हाताऱ्याला गोंजारायचं नाही."

"विचारा ना, काका."

"माझा आवाज कधीपासून गेला होता?"

ती झाकणाची कडी चाचपत राहिली.

"एका वसंतात तर जात नाही कुणाचा," काका म्हणाले. "आधीच गेलेला असणार. मला ऐकू येत नव्हतं आणि तुम्ही माणसं चांगली, बोलला नाहीत. मी रोज हाच विचार करतो. यावोनच्या मिस्सेत गायलो मी. तेव्हाही असाच होता का गं? तिला निरोप देताना मी रेकलो का?"

"नाही, काका. तेव्हा छान होता."

"तू असंच म्हणणार." ते थोडं हसले. "मीच ती जागा अडवून बसलो, पोरी. मानाची वाटायची मला. लोक प्रसादाला जात होते आणि मी त्यांच्या कानात घोगरत होतो, इतकी वर्षं. तुलाही माझ्यापायी गाणी खालच्या पट्टीतच ठेवावी लागली. मला क्षमा कर."

त्यांनी हात पुढे केला. मिस्सेत शांतीची खूण म्हणून शेजाऱ्याला देतो तसाच. लुसिनानं तो हातात घेतला. तिचे ओठ हलले. मला वाटलं, आता सांगते. पण तिनं नुसतं, काका, असं काही नका म्हणू, एवढंच म्हटलं. ते जिना उतरून गेले. मी हातातले कागद पुन्हा पुन्हा सारखे करत होते, ते आधीच सारखे होते.

तेव्हापासून लुसिनाला जेवण जाईना. पूर्वी तिला वाटायचं, आपण त्यांची जागा घेतली. आता कळलं की मागचंही सगळं घेतलं. त्या माणसानं आयुष्यभर जे गायलं त्या सगळ्यावर त्याला आता लाज वाटत होती, अगदी बायकोच्या शवपेटीपाशी गायलेल्या गाण्याचीसुद्धा. आणि वर क्षमा त्यानं मागितली होती.

सणाचा दिवस उजाडला तेव्हा धुकं होतं, मग ऊन पडलं. धक्क्यावरच्या होड्यांना आमच्या लोकांचे, तारा असलेले तिरंगी झेंडे लावले होते. मिस्सेला बिशप आले होते, आणि देऊळ इतकं भरलं की दारात माणसं उभी. रेडिओवाल्यांनी माळ्याच्या जिन्यावरून जाड वायरी आणल्या होत्या, आणि राशेलच्या तोंडापुढे मायक्रोफोन होता. तिचा आवाज त्या दिवशी खरंच सुंदर लागला होता. पाण्यावर ऊन पडावं तसा. रेडिओचा माणूस कानाला यंत्र लावून खुशीत मान डोलवत होता.

प्रसादाला रांग लागली ती संपता संपेना. राशेलची कडवी संपली, तिनं पहिल्यापासून पुन्हा घेतली. रिकाम्या हातांनी आलो आम्ही. शेवटची माणसं बाकावर परतली. काका डबी घेऊन वर आले होते. आम्ही सगळ्यांनी घेतलं. ते ऑर्गनजवळ उभे राहिले. निरोपाच्या वेळी दिलेली शाल, उकाड्यातसुद्धा, त्यांनी खांद्यावर घेतली होती. रेडिओचा दिवस म्हणून.

लुसिनानं ध्रुपद पुन्हा घेतलं. मग आणखी एकदा. रेडिओवाल्यानं बोट गोल फिरवून आवरतं घ्या अशी खूण केली. एदना माझ्या मागून पुटपुटली, "आज तरी बास कर बाई, बिशप उभे आहेत." राशेल वळून बघू लागली, आता काय गाऊ म्हणून.

तेवढ्यात लुसिनाचा डावा हात खाली सरकला. एकेक पायरी उतरावी तसे तिनं दोन-चार सूर घेतले, आणि ध्रुपद पांढरी दोनमध्ये वाजलं.

लोक क्षणभर अडखळले आणि मग त्यांनी ते उचललं. पट्टी चढल्यापासून सगळा उन्हाळा ओठ मिटून उभे राहणारे पुरुष, कोळी, लाकूडकापे, आमच्या गावचा तो घोगरा मुलूख, एकदम गाऊ लागला. खालून असा आवाज आला की माळ्याची फळी पायाला जाणवली. आणि काकाही गाऊ लागले. मुद्दाम नाही, नुसत्या सवयीनं. पहिली ओळ, दुसरी ओळ. आवाज कुठेही फाटला नाही. जाडा, खालचा, जसाच्या तसा. तिसऱ्या ओळीला त्यांच्या ते लक्षात आलं आणि ते गप्प झाले. त्यांनी लुसिनाच्या हातांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

लुसिना पट्ट्यांवरची नजर न काढता बोलली, इतकं हळू की मी शेजारी नसते तर मलाही ऐकू आलं नसतं.

"गाणं इथंच होतं, काका. मी वर नेलं. तुम्हाला जमू नये म्हणून. तुमच्या आवाजाला काहीही झालेलं नव्हतं."

ध्रुपद संपलं. तिनं हात उचलून मांडीवर ठेवले. काका समोर उभे असताना, त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच.

देवळात शांतता झाली. लोकांना वाटलं, ही प्रार्थनेची शांतता. काका उभे होते. त्यांच्या कानशिलावरची शीर उडताना मला दिसत होती.

"यावोनच्या वेळी?" त्यांनी विचारलं.

"चांगला होता. खरंच चांगला होता."

त्यांनी मान हलवली. तेवढं त्यांना हवं होतं, ते त्यांनी घेतलं. बाकीचं त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू चढत गेलं. मी त्यांना पुष्कळदा थकलेलं पाहिलं होतं, दुःखातही पाहिलं होतं. रागावलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"मला आज देऊ नका," लुसिना म्हणाली.

काकांनी डबीचं झाकण उघडलं.

"हे माझं नाही, पोरी," ते म्हणाले. "माझं असतं तर दिलं नसतं."

आणि मग, रोजच्या त्याच आवाजात: "ख्रिस्ताचं शरीर."

तिनं तळहात पुढे केला. आमेन म्हणायला तिला दोनदा तोंड उघडावं लागलं. काकांनी प्रसाद तिच्या हातावर ठेवला, झाकण लावलं आणि जिना उतरले. त्यांचे बूट शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू येत होते.

संध्याकाळी दरवर्षीसारखा गावभर तांतामार झाला. पातेली, झाकणं, भोंगे, जे हाती लागेल ते बडवत सगळे रस्त्यावर. आम्ही अजून इथं आहोत हे सांगायची आमची रीत. लुसिना हातात कढई आणि डाव घेऊन आली होती, पण मी पाहिलं, तिनं एकदाही वाजवली नाही. काका कुठे दिसले नाहीत. रेडिओवर मिस्सा लागली तेव्हा गाणं राशेलच्या शेवटच्या कडव्यानंतर हलकेच विरवून टाकलेलं होतं. खालचं ध्रुपद त्यात नव्हतं. फोनवरच्या बाईंनी अभिनंदन केलं आणि आणखी दोन बिशपांकडून गाण्याला मागणी आल्याचं कळवलं.

पुढच्या तालमीला लुसिनानं दिवे लावायच्या आधीच सगळ्यांना उभं राहून सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. फोन, पट्टी, अडवण्याचं नाटक, भाषण. राशेल रडायला लागली. एदना आपल्या हातातल्या पंख्याच्या काड्या मिटवत उघडत बसली होती.

"आम्हाला कळलं नाही असं वाटलं होय तुला?" ती शेवटी म्हणाली. "किती वर्षं आल्तो गातेय मी. ते गाणं शिडीवर नेऊन ठेवलंय हे पहिल्या दिवशीच कळलं. पण केक चांगला झाला होता."

कुणी हसलं नाही. पंखा मिटवून तीच परत म्हणाली, "आम्हीपण खाल्ला ना तो."

त्याच आठवड्यात लुसिना खालच्या पट्टीतले कागद घेऊन काकांच्या खोपीत गेली. ते मुलाच्या पिंजऱ्यांची जाळी विणत होते. तिनं सांगितलं, कॉयरला सगळं सांगितलंय, गावालाही कळेल. गाणं आता खालीच राहील. कडवी तुमची आहेत, तुम्हाला वाटलं तर. त्यांनी कागद घेतले, खिळ्यांच्या डब्याखाली दाबून ठेवले आणि म्हणाले, बघू. चहा विचारला नाही. आमच्याकडे दारात आलेल्या कर वसूल करणाऱ्यालाही चहा विचारतात.

आता हिवाळा तोंडावर आलाय. गाणं पांढरी दोनमध्येच होतं. राशेल कडवी म्हणते, पण तिथं तिचा आवाज पातळ पडतो, आणि ते तिलाही माहीत आहे. काका दर रविवारी डबी घेऊन वर येतात. लुसिना रांग संपली की गाणं मिटवते, हात पुढे करते. ते शब्द म्हणतात, ती आमेन म्हणते, त्यापलीकडे दोघांत काही बोलणं नाही. वर येताना मात्र ते वरून तिसऱ्या पायरीवर थोडे रेंगाळतात. गेल्या काही रविवारी ध्रुपद चालू असताना तिथूनही तो जाडा, खालचा आवाज येतो. अगदी हलका, बाकी लोकांत मिसळलेला. मला येतो, म्हणजे तिलाही येत असणार.

लुसिनानं राशेलला शेवटचं कडवं म्हणू नको असं सांगितलंय. त्या कडव्याच्या जागी लुसिना नुसता एक सूर धरून ठेवते. कुणाला वाटतं नवीन पद्धत आहे, कुणाला वाटतं तिला पान सापडत नाही. एदना म्हणते, फ्रिको पुन्हा करपायला लागली. पान माझ्या हातात असतं, मी ते उलटत नाही. जिन्यावर काका उभे असतात. सूर तसाच धरलेला असतो, कडव्यापुरता. मग ती तो सोडते आणि ध्रुपद घेते.